दोन शाळा, ८० मुलं आणि एक टी-चाचणी: नमुना पुरेसा आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवतात आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करताहेत. रोज अर्धा तास गटवाचन घेतलं तर मुलांचं वाचन सुधारतं का, हा त्यांचा विषय. स्वतःची शाळा प्रायोगिक गट, मैत्रिणीची शाळा नियंत्रित गट, दोन्हीकडे ४०-४० मुलं. जुलैत पूर्वचाचणी, जानेवारीत उत्तरचाचणी, मग टी-चाचणी, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक नुसत्या योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारं गणित. आरआरसीत, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत, एका सदस्यांनी विचारलं, "नमुना ८०च का?" ताईंनी पाठ केलेलं उत्तर दिलं, "३० च्या वर गेला की मोठा नमुना." सदस्य नुसते हसले. ते का हसले, आता नमुना ३८४ करायचा का, फक्त अप्रगत मुलं घेतली तर चालतील का, आणि "माझं गणित कच्चं आहे, तेव्हा सोपं करून सांगा", असं त्यांचं म्हणणं आहे.

ताई, हसायला नको होतं. पण त्या सदस्यांचा प्रश्नही अर्धाच होता. मी तिथे असतो तर ८० वर अडलोच नसतो. मी विचारलं असतं, "शाळा किती?"

तुमच्या आराखड्यात मुलं ८० आहेत, पण शाळा दोनच. गटवाचन तुम्ही एकेका मुलाला देत नाही, अख्ख्या वर्गाला देता. समजा जानेवारीत तुमची मुलं मैत्रिणीच्या मुलांपेक्षा बरी वाचायला लागली. कशामुळे? गटवाचनामुळे असेल. किंवा नोकरी सांभाळून पीएच.डी. करण्याइतक्या तुम्ही चिकाटीच्या आहात, म्हणून असेल. किंवा मैत्रिणीला बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम लागलं आणि तिचा वर्ग महिनाभर शेजारच्या गुरुजींनी सांभाळला, म्हणून असेल. तुमचं गाव फाट्यावर आहे, चहूकडे दुकानांच्या पाट्या, आणि तिचं गाव आत डोंगरात, हेही कारण असू शकतं. एका बाजूला एक शाळा आणि दुसऱ्या बाजूला एक शाळा, अशी मांडणी केली की ही सगळी कारणं गटवाचनाला चिकटून बसतात. मग ४० ची ४०० मुलं करा, ती सुटी होत नाहीत. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर तुम्हाला आकडा छापून देईल, पण तो गटवाचनाचा की तुमच्या चिकाटीचा, हे त्यालाही कळत नाही.

आता त्या ३० चं बघू. हे वाक्य आपल्याकडे प्रबंधातून प्रबंधात चालत आलंय. मीही माझ्या एम.एड.च्या लघुप्रबंधात लिहिलं होतं. त्याचं मूळ साधं आहे: टी-चाचणीचा कोष्टकातला आकडा ३० च्या आसपास २.०४ होतो आणि फार मोठ्या नमुन्यासाठी १.९६. फरक इतका किरकोळ की जुन्या काळी हातानं गणितं करणारे लोक ३० नंतर एकच आकडा वापरायचे. एवढंच. तुमचा नमुना पुरेसा आहे की नाही, याच्याशी त्या ३० चा काही संबंध नाही. गंमत अशी की टी-चाचणी जन्मालाच आली ती लहान नमुन्यांसाठी. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस कंपनीच्या बिअर कारखान्यात नोकरीला होता. हाताशी मोजकीच निरीक्षणं असायची, त्यांतून काही ठरवायचं तर काय करावं, यासाठी त्यानं १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावानं ही पद्धत मांडली.

३८४ चंही तसंच. १९७० साली क्रेसी आणि मॉर्गन यांनी जो तक्ता छापला, तो आपल्याकडे झेरॉक्सच्या झेरॉक्स होत सगळ्या संशोधन केंद्रांत पोचलाय. १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग, की ३८४ येतात. हा आकडा सर्वेक्षणासाठी आहे. "तालुक्यातले किती टक्के शिक्षक अमुक ॲप वापरतात" याचं उत्तर ५ टक्के इकडे-तिकडे चालेल आणि नाव यादीतून खरोखर चिठ्ठी टाकून काढलं असेल, तर ३८४. तुम्ही टक्केवारीचा अंदाज बांधत नाही, दोन पद्धतींची तुलना करताय. तेव्हा तो तक्ता खुशाल मिटून ठेवा.

मग तुमच्यासाठी हिशोब कुठला? एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. बाई तीच, गाव तेच, बालवाडीही तीच. म्हणून एका वर्गातलं विसावं मूल पहिल्या एकोणीस मुलांहून फारसं काही नवं सांगत नाही. भाताची परीक्षा शितावरून होते ती याचमुळे: एका पातेल्यातली २० शितं दाबून पाहिलीत तरी माहिती एकाच पातेल्याची मिळते. गावजेवणाला भात नीट झालाय का हे कळायला पातेली जास्त उघडावी लागतात.

मुलं एकमेकांसारखी किती, याला एक गुणक असतो, अंतर्वर्गीय सहसंबंध. शून्य म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळी एकाच साच्यातली. प्राथमिकच्या वाचनासाठी ०.२ धरणं काही वावगं नाही. एका शाळेतल्या मुलांच्या संख्येतून १ वजा करा, ०.२ नं गुणा, त्यात १ मिळवा. जे येईल त्यानं एकूण मुलांना भागा. समजा ४ शाळा घेतल्या, प्रत्येकी २० मुलं. १९ गुणिले ०.२ म्हणजे ३.८, अधिक १ म्हणजे ४.८. तुमची ८० मुलं भागिले ४.८, माहितीच्या हिशोबात हाती राहिली जेमतेम १७ स्वतंत्र मुलांइतकी. आता १६ शाळा घ्या, प्रत्येकी ८ मुलं. ७ गुणिले ०.२ म्हणजे १.४, अधिक १ म्हणजे २.४. एकूण १२८ मुलं भागिले २.४, हाती ५३. मुलं दीडपटीच्या आसपास वाढवली आणि माहिती तिपटीहून जास्त वाढली, कारण वाढवल्या त्या शाळा.

म्हणून माझा सल्ला: १६ शाळा, प्रत्येक शाळेत तिसरीची ८ मुलं. तुमच्या भागातल्या वस्तीशाळांत तिसरीचा पट तसाही आठ-दहाच्या पुढे जात नाही. पट मोठा असेल तिथे हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून ८ काढा. गुरुजींना "आठ मुलं द्या" म्हणून सांगू नका, ते पहिल्या बाकावरचीच देतात. एका मुलाला १० मिनिटं धरली तर एक शाळा एका सकाळीत होते.

तुमची स्वतःची शाळा या १६ मध्ये नको. हे ऐकून बहुतेक शिक्षक-संशोधक हिरमुसतात. पण पद्धत चालावी अशी जिची इच्छा आहे, तीच ती राबवणार आणि तीच गुण मांडणार, असं नको. तुमच्या वर्गात पायलट, म्हणजे छोटी रंगीत तालीम, करा. कुठे अडतं, किती वेळ लागतो, मुलं गोंधळ कधी घालतात, हे तिथे बघून घ्या.

आता या १६ शाळांतल्या कुठल्या ८ प्रायोगिक? इथे दुसरी चूक होते. जे मुख्याध्यापक उत्साही, त्यांची शाळा प्रायोगिक आणि जे "बघू नंतर" म्हणतात ती नियंत्रित. म्हणजे पुन्हा उत्साहच मोजला. त्यापेक्षा पूर्वचाचणीची सरासरी आणि पट बघून शाळांच्या ८ जोड्या लावा, सारखीला सारखी. प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवा. हे घरी बसून करू नका. तुमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असते त्या दिवशी सगळ्या मुख्याध्यापकांसमोर करा. नंतर "आमच्यावर अन्याय झाला" असं कुणी म्हणत नाही आणि प्रबंधात लिहायला तारीख-वार मिळतो.

"पण नियंत्रित गटातल्या मुलांना मुद्दाम वंचित ठेवायचं का?" हा प्रश्न आरआरसीत येणारच, आणि यायलाच हवा. याचं फार छान उत्तर मुंबईत दिलं गेलंय. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत प्रथम या संस्थेच्या 'बालसखी' कार्यक्रमाचा अभ्यास झाला. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी मागे पडलेल्या १५-२० मुलांना शाळेच्या वेळातले दोन तास वेगळं बसवून मुळापासून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं ते अशाच प्रयोगांसाठी. त्यांनी युक्ती अशी केली: अर्ध्या शाळांना एका इयत्तेसाठी बालसखी दिली, उरलेल्या अर्ध्यांना दुसऱ्या इयत्तेसाठी. एका गटाची ती इयत्ता दुसऱ्या गटाच्या त्याच इयत्तेशी ताडून पाहायची. बालसखी प्रत्येक शाळेत होती, त्यामुळे रिकाम्या हातानं कुणीच परतलं नाही. तुम्ही याहून सोपं करू शकता. पहिल्या ८ शाळांत आधी गटवाचन, उत्तरचाचणी झाली की उरलेल्या ८ शाळांत सुरू. नियंत्रित गट म्हणजे रांगेत थोडं मागे उभा असलेला गट. मुख्याध्यापकांना हे लगेच पटतं.

त्या अभ्यासाचे आकडेही ध्यानात ठेवा. पहिल्या वर्षी परिणाम ०.१४ प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप), दुसऱ्या वर्षी ०.२८. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरानं तो ०.१ च्या आसपास उतरला. जगभर नावाजलेला कार्यक्रम, तरी परिणाम एवढाच, आणि तो पकडायला दोन शहरांतल्या मिळून शंभराहून जास्त शाळा लागल्या. तेव्हा तुमच्या १६ शाळांत इतका बारीक फरक सापडायचा नाही, याची आत्ताच मनाशी गाठ बांधा. मोठा फरक असेल तरच दिसेल. आराखड्यातच हे लिहून टाका. शेवटी फरक दिसला नाही तर "गटवाचनाचा परिणाम होत नाही" असं लिहू नका. "या आकाराच्या अभ्यासात परिणाम आढळला नाही" असं लिहा. ही दोन वाक्यं वेगळी आहेत. 'शून्य परिकल्पना (दोन गटांत फरक नाही, हे गृहीतक) स्वीकारली' हे शब्दही टाळा. फेटाळता आली नाही, एवढंच आपल्याला म्हणता येतं.

आता चाचणी. माझ्या मते तुमच्या कामाचा जीव इथे आहे, आणि प्रबंधात याला अर्धं पान मिळतं.

साधारण वीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातल्या शाळेत वाचनचाचणी घेत होतो. उतारा मुलांच्याच पाठ्यपुस्तकातला घेतला होता, कारण तो हाताशी होता. मूर्खपणा माझाच. दुसरीतली एक मुलगी घडाघडा वाचत गेली, विराम वगैरे सगळं जागच्या जागी. मी पूर्ण गुण मांडले. मग सहज तिसऱ्या ओळीतल्या 'विहीर' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे काय गं?" ती गप्प. थोड्या वेळानं तिचे ओठ हलायला लागले. पहिल्या ओळीपासून मनातल्या मनात म्हणत, बोटानं एकेक शब्द ओलांडत ती तिसऱ्या ओळीपर्यंत आली आणि म्हणाली, "विहीर." उत्तर बरोबर होतं. वाचन कुठे होतं? तिला अख्खा पाठ तोंडपाठ होता. त्या दिवशी तोवर तपासलेल्या २२ मुलांचे कागद मी बाद केले.

मोजायचं आहे तेच मोजलं जातंय का, याला आपण सप्रमाणता म्हणतो, आणि ती 'तज्ज्ञांना दाखवून निश्चित केली' या एका वाक्यात उरकतो. तज्ज्ञांनी तो उतारा पाहिला असता तर छान म्हणून सही केली असती. चूक त्या मुलीनं दाखवली.

तुम्हाला आयता साचा हवा असेल तर 'असर'चा बघा. प्रथमचं हे सर्वेक्षण २००५ पासून चाललंय. त्यात मुलापुढे आधी पहिलीच्या पातळीचा सोपा परिच्छेद ठेवतात. तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. पाचपैकी चार शब्द आले की शब्द-पातळी. इतकी साधी चाचणी गावचा बारावी झालेला मुलगाही नीट घेतो, हे तिचं बळ. पण पाच पायऱ्यांची ही शिडी ढोबळ आहे. चार-पाच महिन्यांत मूल 'शब्द' पायरीवरच राहील, पण अडखळणं मात्र निम्मं होईल, आणि ते तुमच्या आकड्यात उमटणार नाही. म्हणून पायरीबरोबर एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्दही मोजा. दोन उतारे बनवा, पाठ्यपुस्तकाबाहेरचे, सारख्या अवघडपणाचे. जोडाक्षरं मोजून सारखी ठेवा. अर्ध्या मुलांना आधी पहिला आणि नंतर दुसरा, उरलेल्यांना उलट. एकच उतारा दोन्ही वेळा दिला तर सहा महिन्यांनी तुम्ही स्मरणशक्ती मोजत असाल.

चाचणी घेणाऱ्याला ती शाळा प्रायोगिक की नियंत्रित हे ठाऊक नसावं. जवळच्या अध्यापक विद्यालयातले डी.एल.एड.चे विद्यार्थी मिळाले तर उत्तम, दोन दिवस शिकवून तयार होतात. सुरुवातीला दोघांनी एकाच मुलाला एकत्र ऐकून वेगवेगळे गुण मांडावेत. पंधरा-वीस मुलांत किती ठिकाणी जुळले, ते लिहून ठेवा. क्रोनबाखच्या अल्फाची, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणाऱ्या आकड्याची, इथे गरज नाही. तो बऱ्याच प्रश्नांच्या प्रश्नावलीसाठी असतो, पण विश्वसनीयता म्हटलं की आपल्याकडे डोळे मिटून तोच काढतात.

'फक्त अप्रगत मुलं घेऊ का' याचं उत्तर: घ्या, पण दोन्हीकडे एकाच निकषानं घ्या. पूर्वचाचणीत सगळ्यांत खाली आलेली १० मुलं निवडा, काहीही करू नका, महिन्यानं पुन्हा तपासा. सरासरी वर आलेली दिसेल. कारण त्या दहांत खरोखर कच्ची मुलं असतात, आणि त्यांच्याबरोबर त्या दिवशी ताप असलेला, घरात जागरण-गोंधळ होता म्हणून पेंगणारी, अनोळखी माणसाला बुजलेला, असेही असतात. पुढच्या वेळी यांचा दिवस बरा जातो. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीच्या आकड्यांतून हीच गोष्ट दाखवली होती. एकल गट घेऊन, अप्रगत मुलं निवडून, पूर्व-उत्तर चाचणीतला फरक 'सार्थ' (नुसत्या योगायोगानं सहसा न येणारा) दाखवणारे कितीतरी कृतिसंशोधन अहवाल माझ्या हाताखालून गेलेत. त्यांतली किती प्रगती उपक्रमाची आणि किती नुसत्या तापाच्या उतरण्याची, कुणास ठाऊक. नियंत्रित गटही त्याच निकषानं निवडला असेल तर ही आपोआपची वाढ दोन्हीकडे सारखी येते आणि वजाबाकीत निघून जाते.

आणि आता तुमच्या जिल्ह्याचा खास प्रश्न, जो तुमच्या आराखड्यात कुठेच नाही याचं मला आश्चर्य वाटलं, कारण तो तुम्ही दरवर्षी डोळ्यांनी बघता. जुलैत पूर्वचाचणी, जानेवारीत उत्तरचाचणी. मध्ये दिवाळी. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर जातात, त्या पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, परत येत नाहीत. जुलैत पटावर २४ आणि हजर २२ असलेला वर्ग जानेवारीत १४ वर येतो. तुम्ही 'दोन्ही चाचण्यांना हजर असलेली मुलं' घेतली की ऊसतोड कामगारांची मुलं अभ्यासातून गुपचूप बाहेर पडतात. बरं, ती नेमकी कोण असतात? ज्यांचं शिकणं दरवर्षी निम्म्यात तुटतं, ती. म्हणजे वर्गाची सरासरी कुणी काहीही न शिकता वाढते. शिवाय एखाद्या गावात हंगामी वसतिगृह चालू असेल, किंवा आजी-आजोबांकडे मुलं ठेवायची रीत असेल, तर तिथली मुलं टिकतात आणि शेजारच्या गावची जातात. दोन गट मग सारखे राहतच नाहीत.

यावर दोन उपाय. एक, सगळं दिवाळीच्या आत बसवा: शाळा उघडल्यावर जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला पूर्वचाचणी, दिवाळीच्या सुट्टीआधी उत्तरचाचणी. साडेतीन महिने मिळतात, गटवाचनाला पुरेत. दुसरा, जी गेली त्यांची नोंद ठेवा: कोणत्या गटातून किती गेली, त्यांचे पूर्वचाचणीचे गुण किती होते, कुठे गेली. हा तक्ता प्रबंधात द्याच. मला परीक्षक म्हणून असा तक्ता दिसला की पुढची पन्नास पानं मी जास्त विश्वासानं वाचतो. वर सांगितलेल्या 'असर'चे लोक मुलांना शाळेत न तपासता घरोघर जाऊन का तपासतात, याचं उत्तरही यातच आहे. शाळेत सापडतं ते हजर असलेलं मूल.

आता तुम्ही ज्याला घाबरता ते गणित. त्याआधी एक चूक दाखवतो, ती मराठी प्रबंधांत मला सगळ्यांत जास्त वेळा दिसली आहे. संशोधक प्रायोगिक गटाची पूर्व-उत्तर टी-चाचणी करतो: सार्थ. नियंत्रित गटाची करतो: असार्थ. निष्कर्ष: पद्धत परिणामकारक. हे चूक आहे. समजा प्रायोगिक गट सरासरी ३ गुणांनी वाढला, प्रमाण त्रुटी (सरासरी योगायोगानं किती इकडे-तिकडे होऊ शकते, याचं माप) १.२. भागाकार २.५, कोष्टकातल्या साधारण २ हून जास्त, म्हणून सार्थ. नियंत्रित गट २ गुणांनी वाढला, प्रमाण त्रुटी तीच १.२. भागाकार १.६७, असार्थ. पण दोघांच्या वाढीतला फरक किती? फक्त १ गुण. त्या फरकाची प्रमाण त्रुटी १.७ येते. १ भागिले १.७ म्हणजे ०.५९. काहीच नाही! एक सार्थ आणि एक असार्थ म्हणजे दोघांतला फरक सार्थ, असं होत नाही. एक मुलगा ३५ गुण मिळवून पास आणि एक ३४ मिळवून नापास, म्हणून एक हुशार आणि दुसरा ढ, असं आपण म्हणतो का? तसंच हे.

तुमच्यासाठी गणित वहीच्या एका पानाचं आहे. प्रत्येक शाळेतल्या मुलांची सरासरी वाढ काढा. १६ शाळा, १६ आकडे. प्रत्येक जोडीत प्रायोगिक शाळेच्या आकड्यातून नियंत्रित शाळेचा आकडा वजा करा. ८ आकडे उरले. त्या आठांवर जोडीची टी-चाचणी करा. मुक्तिमात्रा (जोड्यांच्या संख्येतून १ वजा) ७, ५ टक्के सार्थकता पातळीला कोष्टकातला आकडा २.३६५. संपलं. १२८ मुलांचे आकडे सरळ संगणकात ओतून टी-चाचणी केली तर ती प्रत्येक मूल स्वतंत्र पातेलं समजते, आणि फरक उगाच सार्थ दाखवते.

याहूनही साधं ऐका, तोंडी परीक्षेत उपयोगी पडेल. गटवाचनाचा काहीच परिणाम नसता तर प्रत्येक जोडीत प्रायोगिक शाळा वर येणं हा नाण्याचा छापा-काटा. ८ नाण्यांच्या एकूण शक्यता २५६. आठही जोड्या एकाच बाजूला झुकण्याच्या शक्यता त्यांतल्या २, म्हणजे १ टक्क्याहून कमी. ८ पैकी ७ जोड्या किंवा त्याहून जास्त एका बाजूला झुकण्याच्या शक्यता १८, म्हणजे ७ टक्के, आपल्या ५ टक्क्यांच्या रेषेला थोडक्यात चुकलं. आठही झुकल्या तर तुम्हाला आरआरसीत सूत्र सांगावं लागणार नाही, नाणंच काढून दाखवा.

मिश्र पद्धतीबद्दल, म्हणजे आकड्यांबरोबर मुलाखती-निरीक्षणं घेण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण मार्गदर्शक विचारतील, हल्ली सगळेच विचारतात. शेवटी पाच शिक्षकांच्या मुलाखती जोडून 'गुणात्मक' म्हणण्यात अर्थ नाही. त्याऐवजी हातात घड्याळ घेऊन वर्गात बसा. २४ मुलांचा वर्ग, ३० मिनिटं, आणि गुरुजी एकेकाला उभं करून वाचायला लावतात: प्रत्येकाच्या वाट्याला ७५ सेकंद. तेच चौघाचौघांचे ६ गट करून सगळे गट एकाच वेळी वाचायला लागले तर एकेकाला साडेसात मिनिटं. तुमच्या पद्धतीत दम असेल तर तो या सहापटीत आहे. पण प्रत्यक्षात साडेसात मिनिटं मिळतात का? की गटातला एक वाचतो आणि तिघं खिडकीबाहेर बघतात? की साहेब येणार म्हणून त्या दिवशी गटवाचन, आणि एरवी पाढे? प्रत्येक प्रायोगिक शाळेत न सांगता तीन वेळा तरी जा आणि मिनिटं लिहा. नियंत्रित शाळांतही जा, कारण शिक्षण परिषदेत ऐकून तिकडच्या एखाद्या बाईंनीही गट पाडले असतील. फरक दिसला नाही तर दोष पद्धतीचा की ती झालीच नाही, हे या नोंदींवरूनच कळेल.

परवानग्या: गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आधी, मग मुख्याध्यापक, मग पालकांची संमती. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवलात तर पालकांना समोरासमोर सांगता येतं. मुलाला "नको" म्हणायची मुभा द्या. नावांऐवजी संकेतांक, आणि नावं-संकेतांकांची यादी तुमच्या कपाटात, प्रबंधात नाही.

१६ शाळा खरंच जमणार नसतील तर १२ घ्या, ६ जोड्या. त्याखाली जाऊ नका. तेही होत नसेल तर प्रयोग हा शब्द शीर्षकातून काढा, एकाच वर्गाचं बारकाईनं वर्षभर वर्णन करा, त्या सेकंदांच्या आणि मिनिटांच्या नोंदींसह. ते काम कमी दर्जाचं नाही, पण त्याची शिस्त वेगळी आहे आणि त्यावर वेगळं लिहावं लागेल.

या आठवड्यात एकच करा. केंद्रातल्या शाळांचे गेल्या वर्षीचे तिसरीचे हजेरीपट मागवा आणि प्रत्येक शाळेत दिवाळीआधी किती मुलं होती आणि संक्रांतीला किती होती, हे दोन रकान्यांत उतरवून काढा. उत्तरचाचणीची तारीख त्यावरून ठरेल, आणि शाळांच्या जोड्या लावतानाही हाच कागद लागेल.